तिसऱ्या फ्लॉपीवरची तारीख

१

"शिल्लक इन्स्टॉलेशन : शून्य."

हे इंग्रजी वाक्य पडद्यावर उमटलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या क्लेमेंटीन आंटींनी विचारलं, "झालं ना गं पोरी?"

झालं होतं खरं. जे व्हायला नको तेच झालं होतं.

तारीख होती सतरा जानेवारी दोन हजार चार, शनिवार. मी विनिता. विरारला स्टेशनच्या पश्चिमेला माझं कॉम्प्युटर जुळवून देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दीड टेबल आणि एक पंखा, पण भुईगावपासून आगाशीपर्यंत कोणाचा कॉम्प्युटर रुसला की निरोप मलाच येतो. त्या दिवशीचं काम वरवर साधं होतं. आंटींचे यजमान, भुईगावचे बँडमास्तर प्लासिड, यांचा जुना कॉम्प्युटर डिसेंबरात जळाला. आखातातून सुट्टीवर आलेल्या त्यांच्या मुलानं, ब्रायननं, तो भंगारात दिला आणि माझ्याकडून नवा घेतला, विंडोज एक्सपीवाला. त्यावर मास्तरांचं जुनं सॉफ्टवेअर चढवायचं होतं.

सॉफ्टवेअर १९९४ सालचं, बँडची नोटेशन लिहिण्याचं. चार फ्लॉप्या, एका निळ्या प्लास्टिकच्या डब्यात. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मास्तर त्यावर धुनी लिहायचे, छापायचे आणि वाटायचे. मग नोव्हेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. हो-नाहीचाही भरवसा राहिला नाही. चहा हवा का म्हटलं तरी मान हलते, नको का म्हटलं तरी तशीच हलते. सूर मात्र गेले नाहीत. खाटेवर पडल्या पडल्या ते गुणगुणतात आणि एक सूर इकडचा तिकडे होत नाही.

पंचवीस तारखेला, म्हणजे पुढच्या रविवारी, त्यांच्या मुलीचं, प्रीतलचं लग्न होतं. घरातून चर्चपर्यंत चालत जाताना वाजवायची धून मास्तरांनी तिच्यासाठी लिहायला घेतली होती. "दोन ओळी राह्यल्या म्हनून झटक्याच्या आदल्याच दिवशी बोलला होता," असं आंटींनी मला सांगितलं. ती धून एका वेगळ्या फ्लॉपीवर होती. ती उघडायची तर हेच सॉफ्टवेअर हवं, आणि उरलेल्या दोन ओळी उजवा हात चालत नसलेल्या माणसानं लिहायच्या तर डाव्या हातात माऊस, हाच एक मार्ग होता.

एक्सपीनं आधी सरळ नाक मुरडलं. 'मला विंडोज ३.१ किंवा त्यानंतरचं काहीतरी हवं' असं जुना प्रोग्रॅम म्हणे. अरे बाबा, एक्सपी त्यानंतरचंच आहे! पण दहा वर्षांनी मोठ्या झालेल्या नातेवाइकाला ओळखायला तो तयार नव्हता. मग मी सेटिंग बदलून एक्सपीला विंडोज ९५ चं सोंग घ्यायला लावलं. त्यावर गाडी तिसऱ्या फ्लॉपीपर्यंत गेली आणि अडकली. तिसरी फ्लॉपी म्हणजे परवाना. तिची कॉपी निघत नाही, आणि प्रोग्रॅमला तिच्याशी थेट बोलायचं असतं. एक्सपीला प्रत्येक बोलण्यात मधे बसायची सवय. शेवटी मी हार्ड डिस्कचा एक छोटा तुकडा वेगळा काढला आणि त्यावर जुनं विंडोज ९८ घातलं. आता कॉम्प्युटर सुरू होतानाच विचारणार, एक्सपी हवं की ९८? सासूसुनेच्या चुली वेगळ्या केल्या की घर चालतं, त्यातला प्रकार. आणि चाललंही! पहिली फ्लॉपी गेली, दुसरी गेली, तिसरी घातली, आणि शून्य.

परवाना दोन वेळा इन्स्टॉल करण्याचा होता. डब्याच्या झाकणाला आतून मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती, "एक वापरलं. एक बाकी. जपणे."

ब्रायननं चिठ्ठी वाचली, पडदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, सकाळपासून तुम्ही चारदा ट्राय मारला. त्यातच उडालं असणार ते एक."

तो चुकतोय हे मला छातीठोकपणे सांगता येईना.

२

दिनानाथकाका माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनवर काढलेला माणूस. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण बिघाड म्हटला की त्यांचे डोळे चमकतात. "फॉल्ट बसल्या जागी सापडत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य, "तारेबरोबर चालत जावं लागतं." रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून भुईगावला नेलं.

काकांनी सगळ्यात आधी निळा डबा उघडून त्याचा वास घेतला.

"काका, फ्लॉप्यांचा डबा आहे तो. मसाल्याचा नव्हे."

"दिसतंय मला." त्यांनी डब्याच्या तळाशी नख घातलं आणि वाळक्या पानाचा एक बारीक चिकट तुकडा काढून खिशातल्या पाकिटात ठेवला. मग धुनीची फ्लॉपी उजेडात धरली. लेबलावर मास्तरांचं अक्षर होतं, "प्रीतल. अकरा जणांसाठी." ते त्यांनी दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "आमच्या एक्स्चेंजमध्ये कोणत्या लाइनला कधी हात लावला याची नोंद असायची. तुमच्या या चकतीवर असते का तशी?"

मला स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. असते की! प्रत्येक फाईलवर शेवटच्या बदलाची तारीख असते. मी तिसरी फ्लॉपी घातली. सगळ्या फाईली १९९४ च्या. परवान्याची फाईल तेवढी निराळी होती. एक जानेवारी १९८०, रात्रीचे बारा वाजून बारा मिनिटं.

"ऐंशी साली?" ब्रायन हसला. "तेव्हा तर हे सॉफ्टवेअर जन्मलं पण नव्हतं."

"कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळासाठी एक सेल असतो," मी म्हणाले, "मनगटी घड्याळात असतो तसा. तो मेला की कॉम्प्युटर तारीख विसरतो. मग दर वेळी सुरू केला की त्याचा पहिला दिवस एक जानेवारी १९८०, वेळ रात्रीचे बारा. म्हणजे सेल मेलेलं एक मशीन कोणीतरी सुरू केलं आणि बाराव्या मिनिटाला हे इन्स्टॉल केलं."

"आणि तुझ्या नव्या मशीनचं घड्याळ?" काकांनी विचारलं.

मी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. आजची तारीख, मिनिटाचा फरक नाही. ब्रायननं मान खाली घातली, आणि खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं.

"मास्तरांचं जुनं मशीन?"

"त्याचा सेल मेमध्ये मीच बदलला. तेव्हा ही फ्लॉपी लावून पाहिली होती, एक शिल्लक होतं."

"म्हणजे मे महिन्यानंतर," काका सावकाश म्हणाले, "कोणीतरी हा डबा दुसऱ्या घरी नेला, सेल मेलेल्या मशीनवर मास्तरांची शेवटची संधी वापरली आणि डबा परत जागेवर आणून ठेवला."

"चोरी?" आंटींनी पदरानं तोंड पुसलं. "आमच्या घरात? माझा मानूस खाटेवर पडलेला असताना?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला म्हणून आम्ही सगळे वळलो. मास्तर डोळे मिटून हसत होते.

३

"हसायला काय झालं त्यांना?" मी हळूच काकांना विचारलं.

"तेच लक्षात ठेव," काका म्हणाले. "ज्याचं गेलं तोच हसतोय."

ब्रायनची चौकशी ओट्यावरच झाली. तो दहा डिसेंबरला आला, त्याच्या लॅपटॉपला फ्लॉपी घालायची सोयच नाही. पण काकांनी त्याला सोडलं नाही. "हे सॉफ्टवेअर चालू नये असं तुला वाटतं. खरं ना?"

ब्रायन चिडला. "मी डीजे बुक केलाय, अंकल. लग्न होऊन जाईल. पप्पांच्या हातात माऊस द्यायचा आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून बघायचं, जमतं का, जमतं का! आणि नाय जमलं तर? मला नाय बघवनार ते." बोलता बोलता तो उठला आणि बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, दिशेनं निघून गेला. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं.

निळा डबा कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली मास्तरांच्या खिशात. मास्तर हॉस्पिटलात असताना ती आंटींकडे आली. त्या दिवसांत डब्याबद्दल विचारणारा माणूस आंटींना एकच आठवला. जयवंत. बँडमधला पहिला क्लॅरिनेटवाला. शेजारच्या गास गावात त्याचं लग्नपत्रिका छापण्याचं दुकान आहे, म्हणजे घरात कॉम्प्युटर, आणि नोटेशनचं ते सॉफ्टवेअर आपल्याकडेही असावं ही जुनी इच्छा.

गासला पोहोचलो तेव्हा जयवंत एका पत्रिकेवरच्या गणपतीचा आकार मोठा-छोटा करत होता. मी नमस्कार करायच्या आधी त्याच्या दोन्ही मशीनची घड्याळं बघून घेतली. दोन्ही बिनचूक.

"तुमच्या बँडमध्ये माणसं किती?" काकांनी भलतंच विचारलं.

"चौदा. गेली सहा वर्षं चौदाच." जयवंतनं कपाळ पुसलं. पंखा जोरात फिरत असूनही त्याला घाम सुटला होता.

"डबा किती दिवस होता तुझ्याकडे?"

माझा अंदाज होता, हा कानावर हात ठेवणार. पण त्यानं माऊस सोडला आणि खुर्चीतच खचला.

"चार दिवस," तो म्हणाला. "आणि मी काय केलं ते आजपर्यंत बायकोलासुद्धा सांगितलेलं नाय."

४

जयवंतनं केलेलं एवढंच. मास्तर हॉस्पिटलात आहेत, प्रीतलची धून राहिली तर निदान आपण छापून ठेवू, असं म्हणून त्यानं झटक्याच्या तिसऱ्या दिवशी डबा आणला. पहिली फ्लॉपी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. पडद्यावर आलं, शून्य.

"मला वाटलं, माझ्या हातूनच गेलं! काहीतरी उलटंसुलटं दाबलं मी. मास्तरांनी दहा वर्षं जपून ठेवलेलं, आणि मी एका मिनिटात घालवलं. डबा गपचूप परत ठेवला. दोन महिने झोप नाय मला. कोनत्या तोंडानं सांगू?"

"तुझ्याकडे आला तेव्हाच शून्य होतं," काका म्हणाले. "जा, निवांत झोप आज."

मोठा माणूस रडताना बघणं अवघड असतं. मी उगाच पत्रिकांचे नमुने चाळत राहिले.

बाहेर आल्यावर काकांनी स्कूटीच्या सीटवर बोटानं एक रेघ ओढली, जणू तार टाकतायत. "मेमध्ये एक शिल्लक. नोव्हेंबरात, झटका आल्याच्या तिसऱ्या दिवशी शून्य. मधल्या काळात कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात?"

"मास्तरांच्या." मी थबकले. "म्हणजे चोर..."

"चोर नाहीच. मास्तरांनी स्वतःच्या हातानं ते कोणाला तरी दिलं. म्हणून हसले. आता कोणाला, एवढंच. चल, आंटींना चार प्रश्न विचारायचेत."

आंटी तांदूळ निवडत होत्या. काका पायरीवर बसले. "आंटी, लग्नात बँड कोणाचा?"

"आमचा नाय वाजत," आंटी म्हणाल्या. "बँडवाल्याच्या घरच्या लग्नात त्याचा बँड पाव्हना. सूट घालून यायचं, जेवायचं. सासऱ्यांपासनं तोच रिवाज हाय. दुसऱ्या गावचा बँड बोलवायचा, घरच्या मानसानं जाऊन मास्तराच्या हातात नारळ द्यायचा. नारळाशिवाय बँड उंबरा नाय ओलांडत."

"मग मास्तरांनी कोणाला बोलावलं?"

"'मी बघतो' म्हनायचा. बघता बघता हे झालं. म्हनून ब्रायननं तो डीजे सांगितला."

"मास्तर एकटे कुठे जायचे?"

"कुठं नाय. दर गुरुवारी विरारला शुगर तपासायला, तेवढंच."

"दर गुरुवारी? रिपोर्ट असतील मग."

आंटींचा हात सुपात थांबला. "रिपोर्ट तर कधी आनला नाय."

काकांनी पाकिटातला तो पानाचा तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. आंटींनी वास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "सुकेळ्याचं पान! हे वाळवलेलं केळं बांधतात ते! या घरात? शुगर तीनशे असताना?"

"सुकेळी कुठली?"

"आगाशीची. दुसरी कुठली?" त्या बोलून गेल्या, आणि सूप बाजूला सारून ताडकन उभ्या राहिल्या. "आगाशीत बँड एकच. त्याचं नाव या घरात घ्यायचं नाय. आधीच सांगते."

५

ते नाव हरेश्वर. आंटींनी घेतलं नाही, मला जयवंतनं फोनवर सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी भुईगावच्या अरुंद गल्लीत दोन वराती समोरासमोर आल्या. एकीकडे मास्तरांचा बँड, दुसरीकडे हरेश्वरचा. मागे कोणी सरायचं? कोणीच नाही. दोघंही जागच्या जागी उभे राहून अर्धा तास वाजवत राहिले, जोरात, अजून जोरात. ढकलाढकलीत मास्तरांच्या वडिलांची तुतारी चेपली. त्या दिवसापासून बोलणं बंद, आणि आंटींच्या लेखी आगाशी हे गाव नकाशावरून गेलं.

"हरेश्वरच्या बँडमध्ये माणसं किती?" काकांनी माझ्या हातातला फोन घेऊन विचारलं.

"अकरा," जयवंत म्हणाला.

आगाशीच्या बाजारामागे केळीच्या वाडीत हरेश्वरांचं घर. ओट्यावर सुकेळी उन्हात मांडलेली, वास अख्ख्या वाडीत. दारातच मिशीवाला, साठीचा, उंच माणूस उभा होता. मी ओळख द्यायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं.

"भुईगावहून आलात ना? नारळ कुठाय?"

काकांनी आपले रिकामे हात दाखवले.

"नाय आनला," हरेश्वर म्हणाले. "मग कशाला आलात? अडीच महिने झाले, वाट बघतोय मी."

"आम्ही फक्त तुमचा कॉम्प्युटर बघायला आलोय," काका म्हणाले.

आतल्या खोलीत, देवाच्या फोटोखाली, पिवळी पडलेली जुनी पेटी होती. हरेश्वरांनी बटण दाबलं. कोपऱ्यात तारीख उमटली, एक जानेवारी १९८०.

"तारीख चुकीची दाखवतं ते," हरेश्वर म्हणाले. "मला काय करायची तारीख? सूर बरोबर दाखवतं."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या ऑगस्टमध्ये एका गुरुवारी प्लासिड मास्तर एकटेच बसमधून उतरून आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, माझ्या पोरीच्या लग्नात तू वाजवशील का? त्याच गल्लीतून? हरेश्वरांनी मान डोलावली. मग मास्तरांनी पिशवीतून निळा डबा काढला. "म्हनाला, मी ब्रासचं, पितळी वाद्यांचं लिहितो, तू तुझ्या सनईचं लिही. तुझं तुला जमतं तसं मला जमनार नाय. दर गुरुवारी यायचा, धून फ्लॉपीवर घालून. इथं बसून दोन दोन सुकेळी खायचा, मी नको म्हनालो तरी." त्यांनी मिशी चोळली. "घरच्यांना सांगू नको म्हनाला. क्लेमेंटीनला मी समजावतो, मग दोघं नारळ घेऊन येतो. आनि मग कळलं, झटका आला. हॉस्पिटलच्या गेटापर्यंत गेलो मी. क्लेमेंटीन बाकावर बसलेली दिसली. तिच्यापुढे कसा जाऊ? तिला तर यातलं काय माहीत नाय. माघारी आलो. नारळाशिवाय वाजवायला जानं बरं नाय, आनि शब्द दिलेला, म्हनून सांगनंही बरं नाय."

पडद्यावर धून होती. ब्रास आणि ड्रम मिळून दहा वाद्यांचे भाग, अकरावा सनईचा. धुनीच्या शेवटच्या दोन ओळी रिकाम्या.

मी मशीनला कान लावला. पोटातून कट्, कट् असा आवाज येत होता. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

"आख्खा कॉम्प्युटर टेम्पोत घालून न्या की त्याच्याकडे," हरेश्वर म्हणाले.

"पहिल्या खड्ड्यात मरेल," मी म्हणाले. "धून मी वेगळी उतरवून घेते. पण परवाना या डिस्कवर आहे. तो इथून काढून परत फ्लॉपीवर लिहिता येतो, प्रोग्रॅममध्ये तशी सोय आहे. लिहिता लिहिता डिस्क थांबली किंवा फ्लॉपी खराब निघाली, तर इथलाही गेला आणि तिथलाही."

"आनि नाय केलं तर?"

"तर धून आहे तिथेच थांबेल. दोन ओळी कमी."

हरेश्वरांनी पडद्याकडे पाहिलं. हे सॉफ्टवेअर गेलं की त्यांच्याकडे काहीच उरणार नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं. "कर," ते म्हणाले. "त्याचंच हाय ते."

मी आधी धून उतरवून घेतली, मग सोबत आणलेल्या निळ्या डब्यातली तिसरी फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. फ्लॉपी घरघरली. डिस्क कट्, कट् करत होती. मग दोन्ही आवाज एकदम बंद झाले आणि पडदा काळा झाला.

६

मशीन पुन्हा सुरू झालंच नाही. फ्लॉपीत काय लिहिलं गेलं हे कळायचा मार्ग एकच, भुईगावचा नवा कॉम्प्युटर. वीस मिनिटांचा रस्ता मी पंधरा मिनिटांत काढला.

पहिली फ्लॉपी. दुसरी. तिसरी. आंटी, प्रीतल, ब्रायन, सगळे मागे उभे.

"शिल्लक इन्स्टॉलेशन : एक."

मी टेबलावर डोकं टेकलं आणि चक्क रडले. पाच मिनिटांनी चौथी फ्लॉपीही गेली आणि पडद्यावर प्रीतलची धून उघडली.

काकांनी तोवर आंटींना सगळं सांगितलं. गुरुवार, सुकेळी, सनई, हॉस्पिटलचं गेट. आंटी खाटेपाशी गेल्या. "नऊ वर्षं मी भांडले त्याच्यासाठी," त्या मास्तरांना म्हणाल्या, "आनि तू तिथं बसून गोड खात होतास?" मास्तरांनी डोळे मिटून घेतले, लहान मुलासारखे. आंटींना हसू आवरेना. मग त्या आत गेल्या, नारळ घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या स्कूटीवर बसल्या. "चल गं. अंधार पडायच्या आधी आगाशीला पोचायचंय."

हरेश्वरांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला. परतताना आंटींच्या मांडीवर सुकेळ्यांची एक पुडी होती.

सोमवारपासून मास्तर डाव्या हातात माऊस घेऊन बसले. खूण योग्य जागी ठेवायला बाण थरथरायचा, निसटायचा, पुन्हा यायचा. पहिल्या दिवशी चार खुणा झाल्या. ब्रायन ओट्यावर पाठ करून बसला होता. दुसऱ्या दिवशी तो खुर्ची ओढून वडिलांशेजारी बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन करून डीजे रद्द केला. गुरुवारी संध्याकाळी दोन ओळी पूर्ण झाल्या, आणि मी छापायचं बटण दाबलं.

पानं मोजली तर बारा.

"अकरा जणांचा बँड," मी म्हणाले. "एक पान जास्त आलं."

बारावं पान साइड ड्रमचं, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ड्रमचं होतं. पानं घ्यायला आलेल्या हरेश्वरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "साइड ड्रमवाला माझ्याकडे हाय, त्याचं पान वेगळं हाय. हे कोनाचं?" मी बघितलं. सगळं पान कोरं, शेवटच्या दोन ओळींतच ठोके होते, आणि प्रत्येक ठोक्याखाली एक इंग्रजी अक्षर. L, L, L, L. एकही R नाही. बाकीच्या अकरा पानांवर त्या दोन ओळींत नुसत्या विरामाच्या खुणा होत्या.

"ड्रमवाल्यांची खूण ती," हरेश्वर म्हणाले. "उजवा हात की डावा, ते लिहितात. पन नुसत्या डाव्यानं कोन वाजवतो?"

काकांनी खाटेकडे बघितलं, मग मीही बघितलं. उत्तर समोरच होतं.

रविवारी प्रीतल पांढऱ्या झग्यात घराबाहेर पडली. शेजारी चाकाच्या खुर्चीत मास्तर, खुर्ची ढकलायला ब्रायन. पुढे आगाशीचा बँड. भुईगावचे चौदा जण सूट घालून पाहुणे म्हणून आले होते. ती अरुंद गल्ली आली तशी जयवंतनं खूण केली आणि चौदाही जण कुंपणाच्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले, मधली वाट मोकळी सोडून. त्या वाटेनं हरेश्वरांची सनई वर चढली, तिच्यामागून ब्रास. गल्लीच्या टोकाला, चर्च दिसू लागल्यावर, हरेश्वरांनी हात वर केला आणि सगळी वाद्यं एकदम थांबली.

ब्रायननं वडिलांच्या मांडीवर ड्रम धरला. मास्तरांनी डाव्या हातातली काठी उचलली आणि ठोका दिला, मग दुसरा, मग तिसरा, सावकाश, एकसारखे. प्रीतल थबकली होती, तिनं डोळे पुसले. मग त्या ठोक्यांवर पाऊल टाकत ती वडिलांच्या बरोबरीनं चर्चच्या दारापर्यंत चालत गेली.